भोंग्यासमोरचा जॅझ आणि तबकडीवरचा बोलपट

गेल्या अंकात एका उत्तराच्या ओघात मी १९२० ते १९३० या दशकातील अमेरिकी नृत्यवाद्यवृंदांचा आणि त्याच सुमारास बोलू लागलेल्या चित्रपटांचा ओझरता उल्लेख केला होता. त्यावर ठाण्याहून आणि खाडीपलीकडून नवी मुंबईहून इतकी पत्रे आली, की या वेळचे सदर त्या एकाच विषयाला द्यावे असे संपादकांनी सुचविले. एकाच आशयाची पत्रे मी एकत्र केली आहेत आणि काही प्रश्न थोडे आटोपशीर केले आहेत.

प्रश्न : आजोबांच्या ट्रंकेत जुन्या तबकड्या सापडल्या. त्यांतील तीन-चार इंग्रजी असून गाण्याच्या नावाखाली ‘फॉक्स ट्रॉट’ असे छापलेले आहे. एका जाणकारांनी त्या ऐकून ‘हा हॉट जॅझ आहे’ असे सांगितले. हॉट म्हणजे नेमके काय? प्रत्येक गाणे तीन मिनिटांतच का आटोपते? आणि एका तबकडीत ढोलाचा आवाज जवळजवळ ऐकूच येत नाही, तो ती झिजल्यामुळे का? (नौपाडा, ठाणे)

उत्तर : फॉक्स ट्रॉट हे संगीतप्रकाराचे नसून नाचाचे नाव आहे. त्या काळी तबकड्यांचा मोठा खप घरात सतरंजी गुंडाळून नाचणाऱ्या तरुण मंडळींमध्ये होता आणि कोणत्या पदन्यासाला हे संगीत चालेल एवढे कळले, की त्यांचे काम भागत असे. म्हणून कागदी चकतीवर वादकांची नावे नसली तरी चालत, नाचाचे नाव मात्र हमखास असे. त्या संगीतात कोण काय वाजवत आहे याची चौकशी पुढे संग्राहकांनी केली आणि आज आपल्याला जी नावे ठाऊक आहेत त्यांतील बरीचशी त्यांच्या चिकाटीमुळे ठाऊक आहेत.

आता ‘हॉट’. संगीत प्रकाशक लोकप्रिय गाण्यांची वाद्यवृंदासाठी केलेली तयार मांडणी छापून विकत असत. ती विकत आणून, जशीच्या तशी, गोड आणि मऊ वाजवणारे वाद्यवृंद ‘स्वीट’ म्हणवले जात. त्याच मांडणीत मधूनमधून एखाद्या वादकाला मोकळे सोडून त्याच्याकडून उत्स्फूर्त वादन करून घेणारे, आघात तालाच्या किंचित मागे-पुढे टाकणारे, ट्रम्पेटच्या तोंडाशी टोपण धरून त्यातून गुरगुराट काढणारे वाद्यवृंद ‘हॉट’. आपल्या वाचकांना हे आवर्तनाच्या भाषेत लवकर समजेल. त्या गाण्यांचा मुख्य भाग बहुधा ३२ घरांचा असतो, प्रत्येक घरात चार मात्रा, म्हणजे एकूण १२८ मात्रांचे एक लांबलचक आवर्तन. ते पुन्हा पुन्हा फिरते आणि प्रत्येक फेरीत नवा वादक पुढे येऊन आपली कल्पना मांडतो. आपला गायक रागाची चौकट सांभाळून बढत करतो, तर तेथील वादक एकामागून एक ठरलेल्या क्रमाने येणाऱ्या स्वरसंघांची (कॉर्डची) चौकट सांभाळतो. साम्य यापुढे फार ताणू नये, कारण आपल्याकडे राग बदलत नाही आणि त्यांच्याकडे पायाखालचे स्वर दर घराला सरकत असतात.

न्यू ऑर्लिन्स शहरातून आलेल्या पहिल्या पिढीची रीत याहून निराळी होती. तेथे कॉर्नेट हे ट्रम्पेटसारखे फुंकवाद्य चाल धरी, क्लॅरिनेट तिच्यावरून वेलबुट्टी काढी, ट्रॉम्बोन खालून आधार देई आणि तिघेही एकाच वेळी उत्स्फूर्त वाजवत. किंग ऑलिव्हर यांच्या वाद्यवृंदाने एप्रिल १९२३ मध्ये इंडियाना राज्यातील रिचमंड येथे जेनेट कंपनीसाठी केलेल्या ध्वनिमुद्रणांत ही रीत ऐकायला मिळते. दुसरा कॉर्नेट वाजवणारा तरुण होता लुई आर्मस्ट्राँग. पुढल्याच वर्षी तो न्यूयॉर्कला फ्लेचर हेंडरसन यांच्याकडे गेला. हेंडरसन यांचा वृंद रोझलँड या नृत्यगृहात वाजवी, आणि तेथे वर्षभर राहून आर्मस्ट्राँगने एकट्या वादकाची एक फेरी किती भारदस्त होऊ शकते हे सगळ्यांना दाखवून दिले.

आपला ढोल मात्र झिजेमुळे हरवलेला नसावा. तो बहुधा मुद्रणातच शिरला नाही. १९२५ पर्यंत ध्वनिमुद्रणात मायक्रोफोन नव्हता. भिंतीतून बाहेर आलेल्या एका मोठ्या भोंग्यासमोर सगळे वादक दाटीवाटीने उभे राहत आणि त्यांच्या आवाजाच्या निव्वळ धक्क्याने पलीकडच्या खोलीतील सुई मेणाच्या जाड चकतीवर नागमोडी रेघ कोरी. मोठ्या ढोलाचा ठोका बसला की सुई उडे, म्हणून ढोलकऱ्याला लाकडी ठोकळे आणि झांज यांवर भागवावे लागे. तंतुवाद्याचा खर्ज भोंग्याला जाणवतच नसे, म्हणून त्या जागी ट्यूबा हे फुंकवाद्य येई. आर्मस्ट्राँगचा आवाज इतका जोरकस होता, की ऑलिव्हर झाकले जाऊ नयेत म्हणून त्याला भोंग्यापासून बराच दूर उभे केले, असे त्या वृंदातील मंडळींनी पुढे सांगितले आहे. जेनेटचे मुद्रणगृह रेल्वेच्या रुळांना लागून होते आणि गाडी येताना दिसली, की मुद्रण थांबवावे लागे. नौपाड्यात राहणाऱ्यांना ही अडचण अधिक समजावून सांगण्याची गरज नसावी.

तीन मिनिटांचे कारण तर साधा हिशेब आहे. दहा इंची तबकडी मिनिटाला ७८ फेऱ्या फिरते आणि तिच्या एका बाजूला सुमारे तीन मिनिटांचीच रेघ मावते. मिनिटाला २०० मात्रा अशी चपळ लय धरली, तर १२८ मात्रांची एक फेरी साधारण ३८ सेकंदांत संपते. म्हणजे सुरुवात आणि शेवट वगळता चार पूर्ण फेऱ्या. नृत्यगृहात हेच गाणे नाचणारे दमेपर्यंत चालू शकत असे. बालगंधर्वांची पदे नाटकात ‘वन्समोअर’ घेत किती लांबत आणि तीच पदे तबकडीवर किती आवरून आली आहेत, हे ज्यांनी थोरांकडून ऐकले आहे त्यांना या काटछाटीची कल्पना येईल. मला मात्र असे वाटते, की या सक्तीने हॉट जॅझचे नुकसान जितके केले त्याहून भले अधिक केले. चार फेऱ्यांत जे सांगायचे ते सांगून मोकळे व्हायचे, या शिस्तीमुळे १९२८ च्या जून महिन्यात मुद्रित झालेले आर्मस्ट्राँगचे ‘वेस्ट एंड ब्लूज’ आजही पहिल्या सुरापासून पकडून ठेवते. त्यातील एकट्या ट्रम्पेटच्या आरंभात एकही सूर भरतीचा नाही.

१९२५ च्या वसंत ऋतूत व्हिक्टर आणि कोलंबिया या कंपन्यांनी वेस्टर्न इलेक्ट्रिकची विजेवर चालणारी मुद्रणपद्धत स्वीकारली. तोवर सेकंदाला साधारण २५० ते २,५०० कंपनांपर्यंतचेच आवाज पकडले जात होते. ती मर्यादा आता खाली सुमारे १०० पर्यंत आणि वर ५,००० पर्यंत गेली. आपल्या चार तबकड्यांपैकी ज्यांत खर्ज भरीव लागतो त्या १९२५ नंतरच्या आणि ज्यांत सगळा वृंद डब्यात बसून वाजवल्यासारखा वाटतो त्या आधीच्या, असा ढोबळ अंदाज बांधायला हरकत नाही.

प्रश्न : आमच्या गावात हळदीला ‘बेंजो’ लावतात. जॅझच्या जुन्या छायाचित्रांतही बँजो असतो म्हणतात. ते हेच वाद्य का? (दिवाळे, बेलापूर)

उत्तर : नाव एकच, वाद्ये दोन. आपल्या कोळीवाड्यांत हळदीच्या रात्री वाजतो तो बेंजो म्हणजे विजेवर चढवलेला बुलबुलतरंग. त्याचे मूळ जपानमधील नागोया शहरात १९१२ साली तयार झालेल्या ताइशोगोतो या वाद्यात आहे. टाइपरायटरसारखी बटणे दाबून तारेवरचे स्वर बदलायचे आणि दुसऱ्या हाताने तार छेडायची, अशी त्याची रचना. जॅझचा बँजो गोल, डफासारखा कातड्याने मढवलेला आणि लांब मानेचा. गुलाम म्हणून अमेरिकेत नेल्या गेलेल्या आफ्रिकी लोकांबरोबर त्याची कल्पना तेथे गेली. नृत्यवृंदांत त्याचा चार तारांचा प्रकार वापरत आणि त्यावर चाल न वाजवता प्रत्येक मात्रेला स्वरसंघाचा झणत्कार देत.

तो तेथे टिकला तो आवाजाच्या जोरावर. ध्वनिक्षेपक नसलेल्या नृत्यगृहात आणि भोंग्यासमोर गिटार ऐकू येत नसे, बँजो येई. मायक्रोफोन आल्यावर दशक संपता संपता गिटारने त्याला आणि तंतुवाद्याच्या खर्जाने ट्यूबाला बाजूला सारले. दोन्ही बेंजो गर्दीच्या गलबल्यावर मात करण्यासाठीच निवडले गेले, एवढे नाते मात्र मान्य करायला हवे. हळदीच्या रात्री शेजारच्या इमारतीत झोपू पाहणारेही ते मान्य करतील.

प्रश्न : ‘द जॅझ सिंगर’ हा पहिला बोलपट असे शाळेपासून वाचत आलो. अलीकडे तो पाहिला, तर त्यात बोलणे फार थोडे आणि जॅझ तर मला सापडलाच नाही. मग नाव असे का? आणि खरा जॅझ पाहायचा तर त्या काळातील कोणते चित्रपट पाहावेत? (वाशी)

उत्तर : आपल्या कानांनी आपल्याला फसवलेले नाही. ६ ऑक्टोबर १९२७ रोजी न्यूयॉर्कमध्ये प्रथम दाखवलेला हा चित्रपट बहुतांशी मूकपट आहे. त्यात गाणी ध्वनिमुद्रित आहेत आणि सलग बोलणे जेमतेम दोन मिनिटांचे. बाकी संवाद पाट्यांवर वाचायचे. कथा यहुदी धर्मस्थानात प्रार्थना गाणाऱ्या घराण्यातील मुलाची, जो वडिलांचा वारसा सोडून रंगभूमीवर गाऊ लागतो. तेव्हाच्या वृत्तपत्रांच्या भाषेत ‘जॅझ’ म्हणजे नव्या पिढीचे कोणतेही उडत्या चालीचे संगीत, आणि त्या अर्थानेच ते नाव दिले आहे. चित्रपटाचा नायक अल जोल्सन हा जोमदार गायक होता, यात शंका नाही. पण त्याच्या गाण्यात हॉट वृंदांची ती मोकळी फेरी नाही. शिवाय गोऱ्या गायकाने चेहऱ्याला काळे फासून कृष्णवर्णीयाचे सोंग आणायचे, ही त्या रंगभूमीची रूढी येथे आहे आणि आज ती पाहताना खुपते. ज्यांचे संगीत त्यांचाच चेहरा पडद्यावर नको आणि सोंग मात्र हवे, असा तो प्रकार होता.

पहिलेपणही सोपे नाही. ली डी फॉरेस्ट यांनी १५ एप्रिल १९२३ रोजी न्यूयॉर्कच्या रिव्होली चित्रगृहात आपले ‘फोनोफिल्म’ हे आवाजासह लघुपट लोकांना दाखवले होते आणि त्याच वर्षी नोबल सिसल व युबी ब्लेक या कृष्णवर्णीय गायक-वादक जोडीलाही चित्रित केले होते. पुढे ‘द जॅझ सिंगर’ काढणाऱ्या वॉर्नर बंधूंनी ६ ऑगस्ट १९२६ रोजी ‘डॉन हुआन’ हा चित्रपट संपूर्ण ध्वनिमुद्रित संगीतासह आणला, त्यात संवाद नव्हते. जोल्सनच्या चित्रपटाने केले ते एवढेच, की प्रेक्षकाला पडद्यावरील माणूस बोलताना ऐकण्याची चटक लावली. या सगळ्यामागे ज्याची धडपड होती तो सॅम वॉर्नर पहिल्या खेळाच्या आदल्याच दिवशी वारला; तो खेळ बंधूंपैकी एकालाही पाहता आला नाही.

खरा जॅझ पाहायचा असेल, तर मोठे चित्रपट सोडून लघुपटांकडे वळावे. १९२९ साली डडली मर्फी या दिग्दर्शकाने दोन लघुपट केले आणि माझ्या मते त्या दशकातील चित्रित जॅझचे खरे धन तेथेच आहे. ‘सेंट लुई ब्लूज’ हा गायिका बेसी स्मिथ यांचा एकमेव चित्रपट. मद्यालयाच्या मेजाला टेकून त्या गाऊ लागतात आणि अवघी खोली हळूहळू त्या गाण्यात ओढली जाते. ‘ब्लॅक अँड टॅन’ मध्ये ड्यूक एलिंग्टन यांचा वृंद आहे, जो १९२७ च्या डिसेंबरपासून न्यूयॉर्कच्या कॉटन क्लबमध्ये वाजवत होता. त्या क्लबात वादक आणि नर्तिका कृष्णवर्णीय, प्रेक्षक गोरे. गुरगुरणारे ट्रम्पेट केवळ ऐकण्याऐवजी पाहायला मिळते आणि हाताच्या पंजाने टोपण कसे उघडझाप करतात तेही दिसते.

याउलट १९३० चा ‘किंग ऑफ जॅझ’ हा थाटामाटाचा चित्रपट. त्यातील वृंदप्रमुख पॉल व्हाइटमन यांनी १२ फेब्रुवारी १९२४ रोजी एओलियन सभागृहात जॉर्ज गर्श्विन यांची ‘ऱ्हॅप्सडी इन ब्लू’ प्रथम सादर केली होती, तिलाच येथे मोठे स्थान आहे. गंमत अशी, की तेव्हाचे रंगीत चित्रण लाल आणि हिरवा या दोनच रंगांवर चाले, त्यात निळा उमटतच नसे. निळ्याच्या नावाची ही रचना पडद्यावर हिरवट-निळी झाली आहे. व्हाइटमन यांना जॅझचा राजा म्हणणे तेव्हाही अनेकांना मानवले नव्हते, मलाही मानवत नाही. मात्र उत्तम हॉट वादकांना पगार देऊन सांभाळण्याची दृष्टी त्यांच्याकडे होती. त्यांतील सर्वांत हळवा कॉर्नेटवादक बिक्स बायडरबेक चित्रपट पूर्ण होण्याआधीच आजारपणामुळे वृंदातून बाहेर पडला आणि १९३१ च्या ऑगस्टमध्ये वयाच्या २८ व्या वर्षी वारला. तरुण गायक बिंग क्रॉस्बी मात्र या चित्रपटात आहे.

प्रश्न : मी ठाण्यात एकपडदा चित्रगृहात अनेक वर्षे ऑपरेटर होतो. आमच्या काळी आवाजाची पट्टी फिल्मच्या कडेलाच असे. पहिल्या बोलपटांचा आवाज तबकडीवर होता असे ऐकले. मग चित्र आणि आवाज जुळत कसे? फिल्म तुटली तर काय करत? (कोपरी, ठाणे)

उत्तर : असा प्रश्न ऑपरेटरच विचारू शकतो. वॉर्नर बंधूंच्या ‘व्हिटाफोन’ पद्धतीत प्रोजेक्टर आणि तबकडीचे फिरते ताट एकाच मोटारीला यांत्रिक रीतीने जोडलेले असे. तबकडी १६ इंची, फेऱ्या मिनिटाला ३३⅓. फिल्मच्या आरंभी एक खुणेची फ्रेम असे, ती खिडकीत बसवायची. तबकडीवर बाण कोरलेला असे, त्यावर सुई ठेवायची. आणि मग दोन्ही एकदम सुरू करायचे. घरच्या तबकडीच्या उलट ही तबकडी आतून बाहेर वाजे. पोलादी सुई वाजता वाजता झिजते आणि आतल्या लहान वेढ्यांत रेघेची वळणे अधिक दाट गोळा झालेली असतात, म्हणून ताज्या सुईने अवघड भाग आधी वाजवून घ्यायचा, हे त्यामागचे शहाणपण. तबकडीवर छोटे चौकोन छापलेले असत. प्रत्येक खेळानंतर एकावर फुली मारायची आणि साधारण २० खेळांनंतर ती तबकडी बाद करायची.

आपण आयुष्यभर सेकंदाला २४ फ्रेमचा वेग सांभाळलात, तोही याच व्यवहारातून ठरला. मूकपटाच्या काळी हाताने किंवा मर्जीने वेग कमी-जास्त करत, कारण चित्राला ते चालते. आवाजाला चालत नाही, सूर लगेच बदलतो. वेस्टर्न इलेक्ट्रिकने मिनिटाला ९० फूट हा वेग कायम केला. एका फुटात १६ फ्रेम, म्हणजे मिनिटाला १,४४० आणि सेकंदाला २४. हजार फुटांचे रीळ त्या वेगाने अकरा मिनिटांत संपते आणि १६ इंची तबकडीची एक बाजूही तेवढीच पुरते. म्हणजे नृत्यवृंदाला तीन मिनिटांची जशी वेस होती तशी चित्रपटाला अकरा मिनिटांची.

फिल्म तुटली की खरी कसोटी. आपण तुटलेल्या दोन-चार फ्रेम कापून फिल्म सिमेंटने (चिकटद्रव्याने) सांधा मारत असाल आणि प्रेक्षकाला ते कळतही नसेल. येथे मात्र कापलेल्या प्रत्येक फ्रेमच्या जागी तितक्याच काळ्या फ्रेम जोडाव्या लागत, नाहीतर उरलेल्या रिळात नायिका ओठ मिटून गात राही. एखादी सुई रेघेतून घसरली तर तीच गत. चित्रीकरणातही अशीच कोंडी होती. मेणाच्या चकतीवर चाललेले मुद्रण मध्ये कापता येत नसे, म्हणून निरनिराळ्या कोनांतून एकाच वेळी अनेक कॅमेरे चालवायचे. कॅमेऱ्याची घरघर मायक्रोफोनला ऐकू जाऊ नये म्हणून तो आणि त्याचा चालक दोघेही काचेची खिडकी असलेल्या बंद खोक्यात. त्या खोक्यांतून घामाघूम होऊन बाहेर पडणाऱ्या छायाचित्रकारांबद्दल मला नेहमी सहानुभूती वाटत आली आहे, कारण मूकपटाच्या अखेरीस जो कॅमेरा वाऱ्यासारखा फिरू लागला होता तो बोलपटाने पुन्हा खुंटीला बांधला. ‘किंग ऑफ जॅझ’ च्या वेळी व्हाइटमन यांनी संगीत आधी शांतपणे मुद्रित करून मग त्यावर चित्रीकरण करावे असा आग्रह धरला, तो या कोंडीतून निघण्याचा एक मार्ग होता. आपली चित्रपटगीते पुढे त्याच मार्गाने गेली.

फिल्मच्या कडेला प्रकाशाने आवाज उमटवण्याची पद्धत त्याच वेळी शेजारी वाढत होती. फॉक्स कंपनीच्या ‘मूव्हीटोन’ मध्ये पट्टी कमी-अधिक काळी होई, तर आरसीएच्या ‘फोटोफोन’ मध्ये ती कमी-अधिक रुंद होई. आपल्या हाताखालून बहुधा दुसऱ्या प्रकारची गेली असेल. फिल्म तुटली तरी आवाज तिच्याबरोबरच तुटतो आणि तिच्याबरोबरच सांधला जातो, हा तिचा मोठेपणा. दशक उलटताच वॉर्नर बंधूंनाही तबकडी सोडावी लागली. मात्र तबकडीचा आवाज सुरुवातीच्या पट्टीपेक्षा अधिक स्वच्छ होता, हे न्यायाने सांगितले पाहिजे. फिल्म एका गोदामात आणि तबकडी दुसऱ्याच माणसाच्या माळ्यावर, अशी फाटाफूट झालेले कितीतरी लघुपट मुके होऊन पडले होते. १९९१ साली काही अमेरिकी संग्राहकांनी ‘व्हिटाफोन प्रोजेक्ट’ सुरू करून अशा जोड्या पुन्हा जुळवायला घेतल्या आणि त्यांतून नृत्यवृंदांचे अनेक लघुपट पुन्हा वाजते झाले.

प्रश्न : हे सर्व तिकडे चालले असताना आपल्या मुंबईत काय स्थिती होती? आपल्या पहिल्या बोलपटांत जॅझचा शिरकाव झाला होता का? (नेरूळ)

उत्तर : पहिल्या बोलपटांत नाही. अर्देशीर इराणी यांचा ‘आलम आरा’ १४ मार्च १९३१ रोजी गिरगावच्या मॅजेस्टिक चित्रगृहात लागला. त्याची गाणी चित्रीकरणाच्या वेळीच, पेटी-तबल्यासारख्या मोजक्या साथीवर मुद्रित केली गेली. वादकांना कॅमेऱ्याच्या नजरेआड बसवत. चित्रपटशाळा रेल्वेमार्गालगत असल्यामुळे गाड्यांची वर्दळ थांबल्यावर रात्री काम चाले. म्हणजे रिचमंडचा भोंगा आणि मुंबईचा मायक्रोफोन या दोघांचाही वैरी एकच होता, आणि त्या वैऱ्याची आपल्या देशातील पहिली फेरी १८५३ साली बोरीबंदरहून थेट ठाण्यालाच आली होती. ‘आलम आरा’ ची एकही प्रत आज उपलब्ध नाही. मराठीतील पहिला बोलपट ‘अयोध्येचा राजा’ ६ फेब्रुवारी १९३२ रोजी त्याच मॅजेस्टिकमध्ये आला; संगीत गोविंदराव टेंबे यांचे, म्हणजे वळण सरळ संगीत रंगभूमीचे.

जॅझ त्या वेळी मुंबईत होता, पण हॉटेलांत आणि जिमखान्यांत. केन मॅक यांच्यासारखे नृत्यवृंद तेथे वाजवत. १९३५ मध्ये व्हायोलिनवादक लिऑन अ‍ॅबी आपला कृष्णवर्णीय अमेरिकी वृंद घेऊन ताजमहाल हॉटेलात आले, आणि हॉट वादन प्रत्यक्ष ऐकण्याची संधी शहराला मिळाली. पियानोवादक टेडी वेदरफोर्ड तर या देशातच रमले. १९४५ साली कलकत्त्यात त्यांचा अंत झाला.

खरा दुवा गोव्याच्या वादकांनी जोडला. चर्चच्या शाळांत लहानपणीच स्वरलिपी वाचायला शिकलेली ही मंडळी रात्री हॉटेलात फॉक्स ट्रॉट वाजवत, आणि बोलपटांना मोठे वाद्यवृंद हवेसे झाले तेव्हा दिवसा चित्रपटशाळांत जाऊ लागली. ट्रम्पेटवादक अँतोनियो झेवियर वाझ ऊर्फ चिक चॉकलेट यांना भारताचे लुई आर्मस्ट्राँग म्हणत. पुणतांब्याच्या चितळकरांनी, म्हणजे सी. रामचंद्र यांनी, त्यांना साथीला घेतले आणि १९५१ च्या ‘अलबेला’ मध्ये चिक चॉकलेट यांचा वृंद पडद्यावरही दिसतो. १९२० नंतरच्या दशकातील हॉट आवाज मराठी घरांत पोहोचला तो असा, वीस-पंचवीस वर्षे उशिरा आणि आपल्याच माणसाच्या चालींतून. ठाण्याच्या मंडपांत ज्यांनी ‘अलबेला’ ची गाणी ब्रास बँडवर ऐकली असतील, त्यांनी क्लॅरिनेटची ती वेलबुट्टी नकळत ऐकलेली आहे.

प्रश्न : जुन्या तबकड्या कशा स्वच्छ कराव्यात? घरच्या रेकॉर्ड प्लेअरवर लावल्या तर चालतील का? आणि एक तबकडी वाजताना कुठल्याच सुराला धड जुळत नाही, त्याला काय करावे? (पाचपाखाडी, ठाणे)

उत्तर : स्पिरिटचा थेंबही लावू नये. या तबकड्या लाखेच्या आहेत. आपल्याकडील पळस, बोर आणि कुसुम या झाडांवरच्या किड्यांची ती लाख जहाजांनी परदेशी जाई, तेथे दगडाची पूड आणि काजळी मिसळून तिच्या तबकड्या होत. सुतार फर्निचरच्या पॉलिशसाठी चपडा लाख स्पिरिटमध्येच विरघळवतात, हे डोळ्यांसमोर असूनही तरुणपणी मी एका तबकडीवरची बुरशी स्पिरिटच्या बोळ्याने पुसली आणि काळा रंग बोळ्यावर, बुरशी होती तेथेच, अशी अवस्था करून घेतली. डिस्टिल्ड पाण्यात सौम्य साबणाचे दोन थेंब टाकून मऊ ब्रशने रेघेच्या दिशेने पुसावे, मधल्या कागदी चकतीला पाणी लागू देऊ नये आणि सावलीत उभी ठेवून वाळवावी. आपल्याकडील पावसाळ्यात बुरशी येतेच. तबकड्या आडव्या रचून न ठेवता पुस्तकांसारख्या उभ्या ठेवाव्यात.

एलपीची सुई वापरू नये. तिचे टोक सुमारे २५ मायक्रॉनचे आणि या तबकडीची रेघ त्याच्या तिप्पट रुंद सुईसाठी कोरलेली, त्यामुळे बारीक सुई रेघेच्या तळाशी लोळते आणि धूळच वाजवते. ७८ फेऱ्यांसाठीची वेगळी सुई मिळते, ती बसवून घ्यावी. चावीच्या ग्रामोफोनवर वाजवणार असल्यास पोलादी सुई प्रत्येक बाजूला नवी घ्यावी.

सुराचा दोष बहुधा वेगाचा असतो. ७८ हा आकडा त्या काळी सगळ्यांनीच पाळला असे नाही. कोलंबियाच्या अनेक तबकड्या ८० फेऱ्यांच्या आहेत. दोन फेऱ्यांच्या फरकाने सूर अडीच टक्क्यांनी सरकतो, म्हणजे पेटीच्या दोन लगतच्या पट्ट्यांमधील अंतराच्या निम्म्याहूनही थोडा कमी, आणि म्हणूनच तो कुठल्याच पट्टीला बसत नाही. घरात पेटी असेल तर ती समोर घ्यावी. नृत्यवृंदांतील ट्रम्पेट, क्लॅरिनेट आणि सॅक्सोफोन यांच्या घडणीमुळे ते काळी पाच, काळी दोन किंवा पांढरी चार हे षड्ज पसंत करत. तबकडीचा सूर यांच्या आसपास पण किंचित खाली-वर लागत असेल, तर वेग हळूहळू बदलत तो जवळच्या पट्टीशी मिळवावा. पांढरी सातवर एखादा हॉट वृंद वाजताना ऐकू आला, तर वादकांवर नव्हे, आपल्या प्लेअरच्या मोटारीवर संशय घ्यावा.